आण्णांचं नाक

निपाणी

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

आण्णांचा हात अजून थरथरतो का, असं तू फोनवर विचारलंस. थरथरतो. पण आज मला तुला त्यांच्या नाकाचं सांगायचंय.

वखारीत ते तंबाखूची पात चिमटीत चुरडून नाकाशी न्यायचे आणि मगच भाव बोलायचे, आठवतं? हात थरथरायच्या चारेक वर्षं आधीपासून ते म्हणत होते, "मालाला पूर्वीचा वास राहिला नाही." आम्ही हसण्यावारी नेलं. एकदा फोडणी करपून घरभर धूर झाला, तरी हे शेजारच्या खोलीत शांत बसलेले. आई त्यांना नाही नाही ते बोलली. आता कळतंय, पार्किन्सनमध्ये, म्हणजे आण्णांच्या या कंपवातात, वास पुष्कळदा कंपाच्या कितीतरी आधी जातो. माल बिघडला नव्हता रे. 1817 साली जेम्स पार्किन्सननं या रोगावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा इंद्रियं शाबूत राहतात असंच त्यालाही वाटलं होतं.

गेल्या महिन्यात अक्षरं फिकी दिसतात म्हणाले, म्हणून बेळगावला तपासणी केली. डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवल्या. समोर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं सारखं होत राहतं. प्रत्येक पालटाला मेंदूच्या मागच्या भागात वीज उठते, जेमतेम व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाएवढी. एका वेळची ती इतर कल्लोळात हरवते, म्हणून शंभरेक वेळांची सरासरी काढतात, तेव्हा कुठे एक उंचवटा वर येतो. एरवी तो पालटानंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी येतो.

पण मान आखडलेली असली की स्नायूंचीच वीज कागदभर नाचते. आण्णा लाकडासारखे ताठ. तिथल्या मुलीनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश री, अज्जा." कानडी काय, मराठी काय, सावकाश तो सावकाशच! त्यांनी मान सोडली आणि रेघ निवळली.

त्यांचा उंचवटा उशिरा आला. या रोगात मेंदूत जे रसायन कमी पडतं, ते डोपामीन डोळ्याच्या आतल्या पडद्यालाही लागतं, आणि पार्किन्सनमध्ये असा उशीर होतो हे 1978 सालीच मोजून झालंय. एवढ्यावरून निदान करत नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. पण घरी आल्यावर आईनं तो कागद दोनदा मागून घेतला. वाचता काही येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसली.

दिवाळीला येशील तेव्हा त्यांना वासाचं विचारू नकोस. पात हातात दे. किती ओली, किती वाळली, बोटांनी चुरडून ते अजून बरोबर सांगतात.

तुझा,
दिनू