फाल्ट्सच्या द्राक्षमळ्यांतून: बाळ्यास पत्र

धरमपेठ, नागपूर
कार्तिक वद्य पक्ष

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा मी काटोलला संत्र्याच्या बगीच्यात होतो. तिथं रेंजची बोंब, त्यामुळे बोलणं धड झालं नाही. त्यात तू एकच विचारून राहिला होतास, "जर्मनीत वाईन किती ढोसली ते सांग!" त्याचं खरं उत्तर द्यायचं तर वाईनच्या आजूबाजूचं सगळं सांगावं लागतं, म्हणून सरळ कागद घेतला.

लेक मानहाइमला असते हे तुला ठाऊकच आहे. राइनच्या काठचं कारखान्यांचं शहर, आपल्या नागपूरसारखंच सपाट. पण पश्चिमेला नजर टाकली की टेकड्यांची लांबलचक रांग दिसते. तिला हार्ट म्हणतात, आणि त्या मुलुखाला फाल्ट्स. लोकलनं अर्ध्या-पाऊण तासात पायथ्याच्या नॉयश्टाटला उतरायचं, गाव ओलांडायचं, की द्राक्षं सुरू. उत्तरेला बोकेनहाइमपासून दक्षिणेला फ्रान्सच्या वेशीवरच्या श्वायगेनपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर हाच देखावा. १९३५ साली या पट्ट्यातल्या रस्त्याला 'जर्मन वाईनचा रस्ता' असं नाव देऊन पाट्या लावल्या. तो मोटारींचा. पायी जाणाऱ्यांची वाट निराळी, टेकडीच्या अंगानं वरखाली करत जाणारी, सुमारे १७० किलोमीटरची. आम्ही तिचे जमतील तसे तुकडे पाडले. लेक पुढे, जावई मधे, मी मागे.

तू सह्याद्रीच्या सावलीतला माणूस, तुला हे लगेच कळेल. पाऊस पश्चिमेकडून येतो, टेकड्यांमागच्या जंगलावर रिकामा होतो, आणि पूर्वेच्या पायथ्याला कोरडी हवा नि ऊन उरतं. त्या उन्हावर सगळी शेती. जर्मनीत अंजीर आणि बदाम पाहीन असं वाटलं नव्हतं, पण लोकांच्या अंगणात अंजिराची झाडं आहेत. मळे संपले की वर गोड चेस्टनटचं रान लागतं. ते आपोआप आलेलं नाही, वेलींना लागणारे खुंटे त्याच्या लाकडाचे करत, म्हणून मळ्यांच्या डोक्यावर मुद्दाम लावलेलं. आता खुंटे लोखंडी झाले आणि रान राहिलं. आम्ही गेलो तेव्हा फळं गळत होती. आजीबाई पिशव्या घेऊन वेचत होत्या, हटकणारं कोणी नाही. म्हणजे खाली द्राक्षं, मधे चेस्टनट, वर लाल वालुकाश्माचा कडा आणि कड्यावर पडका गड. कुठंही चढा, क्रम तोच.

मी मळ्यातून चालताना गड कमी आणि बुंधे जास्त पाहत होतो, लेक वैतागली. पण अबे, बुंध्याशी वाकून पाहिलं तर कलमाची गाठ! आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो ना, तसाच प्रकार. कारणही रोगाचंच. आपल्याला डिंक्याची धास्ती, त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा नावाची कीड अमेरिकेतून आली, तिनं मुळं पोखरून युरोपभरच्या बागा बसवल्या. उपायही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानवेलींच्या मुळांना ती कीड फारसं काही करू शकत नव्हती, म्हणून खुंट अमेरिकेचा आणि वर फांदी आपली. नाशिककडे ज्याला डॉगरिज म्हणतात तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. म्हणजे ज्या द्राक्षाला हे लोक पिढ्यान्‌पिढ्यांचं रीसलिंग, म्हणजे आपली खास पांढरी जात, म्हणून छातीशी धरतात, त्याचे पाय परदेशी आहेत. मला हे फार आवडलं.

नाशिकचा बागायतदार वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. तिथं बर्फ पडतं, वेल आपोआप झोपी जाते, हिवाळ्यात एकदा छाटली की झालं. आपण संत्र्याला करतो तसं ताण द्यायला पाणी तोडायचं, बहार धरायचा, हिवाळ्यातला आंबिया की पावसाळ्यातला मृग म्हणून डोकं खाजवायचं, यातलं काही नाही. भावाला सांगितलं तर म्हणाला, "मग ते लोक वर्षभर करतात काय?" वाईन करतात. आपण बहार झाडावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतो, पुढे संत्र्याचं काय होतं ते दिल्लीलाच ठाऊक. तिथले पुष्कळ शेतकरी आपल्या द्राक्षांची वाईन आपल्याच तळघरात करतात आणि दाराशी पाटी लावून विकतात. त्यांना एक जुनी सवलतही आहे. वर्षातले चार महिने, जास्तीत जास्त ४० खुर्च्या मांडून, स्वतःची वाईन आणि साधं खाणं घरीच द्यायचं, खानावळीचा परवाना लागत नाही. एका ठिकाणी आम्ही अशा अंगणात बसलो. घरची बाई बशा आणत होती आणि नवरा ट्रॅक्टर धूत होता. काटोलच्या रस्त्यावर हे असं का होऊ नये, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटत राहिलं. आपल्याकडे बाटलीवर 'संत्रा' छापलं की ती देशी असते, आणि तिच्यात संत्र्याचा काय संबंध ते तुझ्या-माझ्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक!

तर वाईन. ऑक्टोबरात नवी वाईन मिळते, गढूळ, अजून आंबत असलेली. बाटलीला घट्ट बूच लावता येत नाही, नाही तर फुटते. वर नुसतं सैल झाकण, म्हणून घरी नेताना ती उभीच धरावी लागते. गोड लागते, म्हणून माणूस पीत जातो आणि मग उठताना कळतं. सोबत कांद्याचा केक, गोड नव्हे, खारा. बाकी वेळी अर्ध्या लिटरचा ग्लास, आणि टेबलावर ओळखीची मंडळी असली की एकच ग्लास सगळ्यांत फिरतो. उष्टं-खरकटं मानणारी आपली आत्या तिथं उपाशीच उठली असती. तिखटाचं नाव काढू नको. सावजीच्या माणसाला तिथं जेवण म्हणजे उपास.

सगळ्यात चांगलं जेवलो ते रानातल्या झोपड्यांवर. झोपडी नुसती म्हणायला, चांगलं दगडी घर असतं. १९०२ साली तिथं रानवाटा चालणाऱ्यांची संघटना निघाली, तिच्या गावोगावच्या शाखांनी ही घरं बांधली. बहुतेक शनिवार-रविवारी उघडतात आणि सदस्यच आळीपाळीनं चालवतात. पगारी कोणी नाही. पैसे द्यायचे, ताट आपण उचलायचं, भांडी आपण परत ठेवायची. पातेल्यापाशी उभे असलेले आजोबा माझ्याहून वयानं मोठे होते. चक्का आणि उकडलेले बटाटे वाढताना त्यांनी मला विचारलं, कुठून आलात? मी नागपूर म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि बटाटा जास्त वाढला.

आता गड. हामबाखचा आधी सांगतो, कारण तो तुला पटेल. १८३२ साली तो पडकाच होता, आदल्या शतकांतल्या लढायांत जळालेला. फाल्ट्स तेव्हा बव्हेरियाच्या राजाकडे गेलेला, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी, आणि जकाती व करांनी वाईनचा बाजार बसलेला. राजकीय सभांना बंदी, म्हणून जत्रा आहे असं सांगून २७ मे १८३२ला २० ते ३० हजार माणसं खालच्या गावातून या पडक्या गडावर चढली. विद्यार्थी, वकील, बाया, शेतकरी. काळा-लाल-सोनेरी झेंडा, आज जर्मनीचा आहे तोच, तिथं मिरवला गेला. आणि त्या गर्दीत द्राक्षं पिकवणारे शेतकरी स्वतःचा वेगळा काळा झेंडा घेऊन आले होते, त्यावर लिहिलेलं की द्राक्षशेतकऱ्यांवर शोक करायची पाळी आली आहे. बाळ्या, मी विदर्भातला माणूस. मोर्चे पाहतच मोठा झालो. ते वाचून मी बराच वेळ त्या कट्ट्यावर बसलो. गडाचा इतिहास म्हणून आपल्याला राजा, किल्लेदार आणि तोफ शिकवली. इथं मात्र गड लोकांच्या लक्षात राहिला तो पडका झाल्यावर शेतकरी त्यावर चढले म्हणून.

ट्रिफेल्स मात्र पाठ्यपुस्तकातला. आनवायलर गावाच्या डोक्यावर ४९४ मीटरच्या टेकडीवर. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना ११९२च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला, आणि ११९३च्या वसंतात जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीनं त्याला इथं ठेवलं. सुटकेसाठी चांदीचे एक लाख मार्क आधी मोजून घेतले. पुढच्याच वर्षी त्याच गडावरून हेन्री सिसिली जिंकायला निघाला. पैसा कुठून आला ते तूच ओळख. पण वर चढून गेल्यावर जे भव्य दिसतं त्यातलं बरंच विसाव्या शतकातलं. १६०२ला वीज पडून गड जळाला, मग ओस, आणि १९३८पासून नाझी राजवटीत त्याची पुन्हा उभारणी सुरू झाली. सम्राटाच्या मुकुटाची प्रतिकृती काचेत ठेवली आहे, खरा व्हिएन्नात. मला तो गड फारसा भावला नाही. त्याच डोंगरकण्यावर पुढे अनेबोस आणि शार्फेनबेर्ग असे दोन पडके सोबती आहेत. एकाचा तर नुसता खडक उरलाय. तिथं तिकीट नाही, गर्दी नाही, भिंतीला टेकून संत्रं सोललं, स्पेनचं, बेचव. खाली मळ्यांत उंच यंत्र रांगेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून वेली हलवत चाललेलं, आणि घड पट्ट्यावर पडत असलेले.

तर आता तुझ्याशी भांडण. गड म्हणजे सह्याद्री आणि विदर्भ म्हणजे ऊन, हे तुझं पुण्याला गेल्यापासूनचं पालुपद. गाविलगड तू विसरलास, जिथं १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीला घाम फुटला. पण तो व्याघ्र प्रकल्पाच्या भानगडीत आहे, तिथं मनासारखं पायी हिंडता येत नाही. म्हणून मी रामटेक काढलंय. अंबाळ्याच्या तलावाकडून पायऱ्या चढून गडमंदिर, पलीकडून उतरून जे पानमळे उरलेत त्यांच्या कडेनं, आणि मग नगरधनचा किल्ला. वेलीच पाहायच्या तर कपुरी पानाच्या पाहू! नगरधन सपाटीवर आहे म्हणून नाक मुरडू नको. वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि तुमच्या डेक्कन कॉलेजनं राज्य पुरातत्त्व खात्यासोबत २०१५ ते २०१८ तिथं खणलं तेव्हा वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. पुण्याची माणसं इथं येऊन मातीत बसली, तू मात्र लग्नाशिवाय येत नाहीस.

वाट दाखवणाऱ्या खुणा आणि तिथल्यासारखी झोपडी इथं नाही हे मलाही ठाऊक आहे. खुणा मी चुन्याच्या बोटांनी करीन, जेवणाला नगरधनच्या वेशीपाशी झुणका-भाकर सांगून ठेवतो. त्रिपुरीची जत्रा आटोपली, आता गर्दी नाही, थंडी सुरू झाली. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघायचं. गरीबरथचं तिकीट आजच काढ, नंतर वेटिंग सांगू नको. गुडघ्याचं काय ते डॉक्टरला विचार. पायऱ्या सोडल्या तर सगळं सपाटच आहे, त्यामुळे तो बहाणा चालणार नाही. वहिनींना नमस्कार, आणि त्यांनाही यायचं असेल तर आधी कळव, भाकरी वाढवायला सांगावं लागेल.

तुझाच,
सुध्या