मॅडम, तुम्ही विचारलेल्या त्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय मॅडम,

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात पहिल्यांदा आलो तेव्हा 'झोप लागत नाही' एवढीच माझी तक्रार होती. व्यायामाचा विषय ओघात निघाला. रोज सकाळी दीड तास धावणं, संध्याकाळी दोन तास जिम, हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. एरवी ऐकणारा प्रत्येक जण 'काय शिस्त आहे!' म्हणायचा. तुम्ही विचारलंत, "आणि एखाद्या दिवशी चुकला, तर काय होतं?"

मला रडूच फुटलं. आदल्याच आठवड्यात अंगात 102 ताप होता. रूममेट जागा होऊ नये म्हणून बूट हातात घेऊन मी मध्यरात्री खोलीबाहेर पडलो आणि हॉस्टेलचा जिना चाळीस वेळा चढलो-उतरलो. पडून राहिलो असतो तर जीव कासावीस झाला असता, स्वतःची किळस आली असती. मित्रांचे वाढदिवस टाळले, सबमिशन रखडली, आईवर फोनवर विनाकारण खेकसलो. या सगळ्याला मी शिस्तच समजत होतो.

तुम्ही माझे तास कागदावर मांडलेत. आठवड्याची 1470 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. पण आकड्यापेक्षा भीती महत्त्वाची, हेही तुम्हीच सांगितलंत. शर्यतीची तयारी करणारा खेळाडू माझ्याहून जास्त घाम गाळत असेल, पण दुखापत झाली की तो थांबतो. मला थांबताच येत नव्हतं. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी रोज व्यायाम करणाऱ्यांना पैसे देऊ केले, तरी ते महिनाभर थांबायला राजी होईनात. हे ऐकलं आणि खूप हलकं वाटलं. माझ्यासारखे आणखीही होते तर!

मग रविवारची सुट्टी ठरली. त्या दिवशी मनात येईल ते वहीत लिहायचं. पहिल्या रविवारी चार पानं भरली, सगळी अपराधीपणाची. तुम्ही ती शांतपणे वाचलीत, एकदाही उपदेश केला नाहीत. ते मी कधीच विसरणार नाही.

आता आठवड्यातून चार दिवस व्यायाम करतो. परीक्षेच्या दिवसांत अजूनही मन ओढ घेतं. पण गेल्या रविवारी पहाटे पाच वाजता जाग आली, पलंगाखालच्या बुटांकडे नजर गेली, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो. वहीत त्या दिवशी लिहायला काहीच नव्हतं.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचा एक विद्यार्थी