एएनए व क्रिथिडिया किट बदलून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण विभाग

महोदय,

मे महिन्यात आपण पाठवलेली हेप-२ (मानवी पेशींच्या) स्लाइडची एएनए किट (पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी) आणि क्रिथिडिया या एकपेशीय जिवाच्या स्लाइडची किट (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी), दोन्ही वापरण्याजोग्या नाहीत. खोका शनिवारी देवास नाक्याच्या गोदामात उतरला आणि सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत आला. जेलपॅकचे पाणी झाले होते. आत थर्मामीटर ठेवून पाहिला, ३१ अंश. लेबलवर २ ते ८ छापले आहे.

‘स्लाइड नीट धुतल्या नसतील, मायक्रोस्कोपचा दिवा जुना असेल’ असे आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे. म्हणून अदलाबदल करून पाहिली. जुन्या लॉटची स्लाइड, नवे काँज्युगेट (चमकणारा रंग जोडलेले द्रावण): पॉझिटिव्ह कंट्रोल (खात्रीचा पॉझिटिव्ह नमुना) मिणमिणता. नवी स्लाइड, जुने काँज्युगेट: लख्ख हिरवा. दिवा खराब असता तर दोन्हीकडे अंधार हवा होता. कंट्रोलचे टायटर (किती पातळ केल्यावरही नमुना उजळतो ते प्रमाण) १:६४० वरून १:१६० वर आले. या चाचणीत एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक चालवून घेतात, दोन पायऱ्यांचा नाही.

ठळक पॉझिटिव्ह या काँज्युगेटवरही चमकतात, त्यामुळे दोष लपतो. बुडतात ते १:८० च्या काठावरचे. युलार-एसीआर या युरोप व अमेरिकेतील संधिवात संघटनांच्या २०१९ च्या ल्यूपस (स्वप्रतिकार आजार) निकषांत १:८० हा उंबरठा आहे. तो कधीच गाठला नसेल तर अँटी-डीएसडीएनए व अँटी-एसएम ही प्रतिपिंडे, घटलेली सी३-सी४ ही रक्तातील प्रथिने यांचे गुण धरलेच जात नाहीत. हे निकष वर्गीकरणाचे, निदानाचे नव्हेत, हे मान्य. पण एएनए निगेटिव्ह वाचून पुढची चाचणी बहुधा लिहिलीच जात नाही.

क्रिथिडियाचे दुखणे वेगळे. खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडले, तरी आत दव होते. कायनेटोप्लास्टचा (या जिवातील डीएनएच्या गाठोड्याचा) बारीक ठिपका उजळला तरच पॉझिटिव्ह म्हणायचे. इथे निगेटिव्ह कंट्रोलमध्येही केंद्रक आणि शेपटीच्या मुळाशी असलेला दुसराच ठिपका (बेसल बॉडी) उजळतो. नवशिक्याचा डोळा नेमका तिथेच फसतो.

नुसती काँज्युगेटची बाटली पाठवू नये. वेगवेगळ्या लॉटचे भाग जोडून रिपोर्ट देता येत नाही. दोन्ही किट वेगळ्या लॉटच्या, पूर्ण, आणि सोमवार ते बुधवारमध्येच रवाना कराव्यात. सोबत वाहतुकीतील तापमानाची नोंद द्यावी. हा लॉट आणखी ज्यांच्याकडे गेला त्यांना आजच कळवावे.

उरलेल्या स्लाइड फ्रीजमध्ये वेगळ्या ठेवल्या आहेत, माणूस पाठवून तपासून घ्याव्यात. फोटो व बिलाची प्रत जोडली आहे.

आपले,
इम्युनॉलॉजी विभाग,
पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, इंदूर