त्रुटींची वही आकृतीत का नव्हती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांच्या संगणकीकरणाची चर्चा होते तेव्हा सर्व्हर बंद पडणे, इंटरनेटचा वेग आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हेच विषय पुढे येतात. मात्र प्रणाली लिहायला घेण्यापूर्वी कार्यालयातील कामाची जी आकृती काढली जाते, निदान काढायला हवी, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. प्रणाली-विश्लेषक म्हणून माझी बरीच वर्षे या आकृत्या काढण्यात गेली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

कामाचे टप्पे कागदावर चितारण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. कार्यपद्धतींचे अभ्यासक फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे असे तक्ते मांडले होते. माहिती प्रणालींच्या क्षेत्रात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को, एड यॉर्डन प्रभृती संगणकतज्ज्ञांनी डेटा फ्लो डायग्राम, म्हणजे माहितीच्या प्रवाहाची आकृती, रुजवला आणि माझ्या पिढीने तोच गिरवला. त्यात चिन्हे चारच: प्रक्रिया, माहितीचा साठा, प्रणालीबाहेरची व्यक्ती वा संस्था, आणि या सर्वांना जोडणारे बाण. ही आकृती शिकायला सोपी आणि काम देणाऱ्याला समजावायलाही सोपी असते, पण माहिती कुठून कुठे जाते एवढेच ती सांगते. आधी काय, नंतर काय, कोणी किती दिवस थांबायचे आणि कोणत्या कारणाने वाट बदलायची, हे तिच्यात मावत नाही.

जमिनीच्या फेरफाराचे उदाहरण पाहू, कारण ते बहुतेक वाचकांच्या घरातले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. नोटीस बजावल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही, तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर अंमल होतो. हरकत आलीच, तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि शक्यतो एका वर्षाच्या आत, अव्वल कारकुनाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने त्याचा निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. ही प्रक्रिया डेटा फ्लो डायग्राममध्ये काढली तर अर्ज, दोन नोंदवह्या, नोटीस आणि सातबारा, सगळे व्यवस्थित दिसेल. पण ते १५ दिवस कुठेच दिसणार नाहीत. आणि नागरिकाच्या लेखी फेरफार म्हणजे मुख्यतः ते थांबणेच असते.

हीच प्रक्रिया बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन), म्हणजे कामाचे टप्पे ठरावीक चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीने काढली की चित्र बदलते. २००४ साली पुढे आलेली ही पद्धत २०११ मधील दुसऱ्या आवृत्तीनंतर स्थिरावली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात अर्जदार, तलाठी आणि मंडल अधिकारी यांना जलतरण तलावातल्यासारख्या स्वतंत्र मार्गिका मिळतात, त्यामुळे काम सध्या कोणाच्या टेबलावर आहे हे एका नजरेत कळते. मुदतीसाठी घड्याळाचे चिन्ह आहे. एवढेच नव्हे, तर हरकत आधी येते की मुदत आधी संपते यावर पुढचा रस्ता ठरणार असेल, तर नेमक्या त्या प्रसंगासाठीही वेगळे चिन्ह आहे. एकंदर चिन्हे शंभराहून अधिक असून ती सगळी वापरण्याचा हौशी मोह मी अनेकांना झालेला पाहिला आहे. तशी आकृती मग ज्याने काढली त्यालाच वाचता येते. माझ्या अनुभवात दहा-बारा चिन्हे पुरतात.

तथापि, पद्धत योग्य निवडली म्हणजे आकृती खरी होते असे नाही. एका नगरपालिकेच्या दाखल्यांच्या कामासाठी आम्ही परिपत्रके वाचली, मुख्य लिपिकांशी तीन बैठका केल्या, मार्गिकांसह निर्दोष आकृती काढली आणि तिच्यावर सह्या घेतल्या. प्रणाली सुरू झाली. अहवालात जवळजवळ प्रत्येक अर्ज दोन दिवसांत निकाली निघालेला दिसे, आणि खिडकीवरच्या रांगेतली माणसे मात्र दोन-दोन महिने खेटे घालत असल्याचे सांगत. पुढे उलगडा झाला तो असा, की कागदपत्रे अपुरी असलेले अर्ज खिडकीवरचा लिपिक एका साध्या दोनशेपानी वहीत टिपून बाजूला ठेवत असे आणि सर्व कागद जमेपर्यंत ते संगणकावर चढवतच नसे. त्याची लबाडी नव्हती. अपुऱ्या अर्जाचे काय करायचे, हे आमच्या प्रणालीत कुठे विचारलेलेच नव्हते. खिडकीपाशी दोन दिवस उभे राहिलो असतो तर ती वही आम्हाला दिसली असती. चूक आमची होती.

या वहीचे महत्त्व २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानंतर वाढले आहे, कारण सेवेची मुदत मोजायची ती सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे अर्ज परिपूर्ण कधी झाला, तोवर तो किती वेळा परत गेला आणि प्रत्येक वेळी त्रुटी एकदम कळवल्या की एकेक करून, हे आकृतीत आणि म्हणून प्रणालीत नसेल, तर मुदत पाळल्याचा अहवाल कितीही चोख दिसला तरी नागरिकाचे खेटे त्यात मोजले जाणार नाहीत. अलीकडे प्रणालीतील नोंदींवरूनच प्रक्रियेची खरी आकृती शोधून काढण्याचे तंत्र विकसित झाले आहे; डच प्राध्यापक विल व्हॅन डर आल्स्ट यांचे त्यातील काम विशेष उल्लेखनीय आहे. सह्या झालेली आकृती आणि प्रत्यक्ष वागणूक यांतील तफावत त्यातून चांगली उघड होते. पण जे संगणकावर चढलेच नाही, त्याची नोंद या तंत्रालाही कुठून सापडणार?

आता आकृत्यांचा काळ गेला, थोडे थोडे करून प्रणाली बांधायची आणि वापरकर्त्याला विचारत सुधारायची, असे माझे तरुण सहकारी म्हणतात. खासगी उद्योगात ते बरेचसे खरे असेल. मात्र जिथे काम कायद्याने ठरते आणि निविदेने एकदाच दिले जाते, तिथे नंतर सुधारण्याची संधी क्वचितच मिळते. महाविद्यालयांची गोष्ट वेगळीच. प्रकल्पाच्या आकृत्या तिथे प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री, जर्नलची पाने भरण्यासाठी काढल्या जातात, हे परीक्षक म्हणून मी अनेकदा पाहिले आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. नागरिकांशी थेट संबंध असलेल्या कोणत्याही प्रणालीची निविदा काढताना, आज काम प्रत्यक्ष जसे चालते तशी एका पानाची आकृती मराठीत तिला जोडावी, तीत थांबण्याच्या जागा आणि अर्ज परत जाण्याच्या वाटा ठळक दाखवाव्यात, आणि खातेप्रमुखांच्या सहीबरोबर खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाचीही सही घ्यावी. हीच आकृती कार्यालयाच्या दर्शनी भागात लावायला छपाईपलीकडे काही खर्च येणार नाही, आणि आपला अर्ज तिच्यातल्या कोणत्या चौकोनात अडला आहे, हे अर्जदाराला बोट ठेवून विचारता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रणाली-विश्लेषक, पुणे