सरासरीत नंदुरबार दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यांच्या जीवनमानाची कुठलीही क्रमवारी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला नंबर कितवा? देशाच्या उत्पन्नात १३ टक्क्यांच्या आसपास वाटा असलेलं आपलं राज्य केरळ-गोव्याच्या मागे का, याची मग दोन दिवस चर्चा होते. मी आयुष्यभर सातपुड्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात. या प्रश्नाचं उत्तर माझ्या वर्गात बसायचं, आणि दिवाळीनंतर वर्गातून निघून जायचं.

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात (यात गरिबी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातल्या उणिवांवरून मोजतात) २०१५-१६ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातले १४.८५ टक्के लोक गरीब होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ७.८१ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळपास निम्मे. पण २०१५-१६ मध्ये एकट्या नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक गरीब ठरले होते, बिहारच्या तेव्हाच्या सरासरीइतके. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालातही मुंबई एकपैकी ०.८४१ गुणांनी सगळ्यांत वर आणि नंदुरबार ०.६०४ गुणांनी सगळ्यांत खाली होता. मुंबई-पुण्याचे आकडे आमच्या आकड्यात मिसळले की राज्याची सरासरी बरी दिसते आणि आम्ही दिसेनासे होतो. केरळात गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्येच एक टक्क्याच्या आत होतं. तिथे सरासरीआड लपायला एवढा मोठा खड्डाच नाही. आपण मागे राहतो ते इथे.

गरिबी निम्म्यावर आली, ही गोष्ट मी कमी लेखत नाही. कंदिलाच्या उजेडात मी पेपर तपासले आहेत. पाड्यावर वीज येणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. पण ज्या काळात हा निर्देशांक निम्म्यावर आला, त्याच काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या पाच वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण ३६.० टक्क्यांवरून ३६.१ टक्के झालं. उंची खुंटलेली मुलं ३४.४ वरून ३५.२ टक्के. गरिबी निम्मी झाली आणि लेकरांचं वजन जागच्या जागी. हे कसं?

निर्देशांकाचा हिशेब पाहिला की कळतं. कुपोषणाला एकूण गुणांचा सहावा हिस्सा आहे. चुलीचं इंधन, शौचालय, पाणी, घर, वीज, बँक खातं, घरातल्या वस्तू यांना प्रत्येकी एकविसावा हिस्सा. या उणिवांची बेरीज एक तृतीयांश भरली तरच कुटुंब गरीब धरतात. आता एखाद्या घरात मूल कुपोषित आहे, स्वयंपाक लाकडांवर होतो, घर कच्चं आहे आणि शौचालय नाही, पण बाकीच्या बाबी ठीक आहेत. बेरीज होते ०.३१. म्हणजे हे कुटुंब गरीब नाही! अशा घरांत मी जेवले आहे. कोपऱ्यात रिकामं सिलिंडर उभं, त्यावर घडी केलेली गोधडी, आणि बाहेर तीन दगडांवर भाकरी भाजणं चाललेलं.

मूळ दुखणं स्थलांतराचं आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या येतात. पावसाळ्यात त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि लेकरं सोबत. लहानग्याला सांभाळायला तिसरीतली बहीण. माझ्या हजेरीपत्रकात चाळीसातली वीस-बावीस नावं त्या चार-पाच महिन्यांत नुसती नावंच असायची. अंगणवाडीचं अंडं गावात, लेकरू उसाच्या फडावर पालात. होळीला माणसं परत आली की अंगणवाडीताई काट्याला झोळी टांगून वजनं घ्यायच्या. एक वर्षाचा पोरगा मला अजून आठवतो. दिवाळीआधी वहीत जेवढं वजन लिहिलं होतं, होळीनंतरही काटा तिथेच थांबला. त्याच्या आईने ताईंना विचारलं, काटा बिघडलाय का?

माझं म्हणणं एवढंच आहे. अंगणवाडीची नोंद, आहार आणि लसीकरण मुलाच्या गावाशी बांधून ठेवू नका, मुलासोबत फडावर जाऊ द्या. त्यासाठी दोन राज्यांच्या सरकारांनी एकमेकांशी बोलावं लागेल. ते अवघड नाही, कारण मुकादमांना कोणतं कुटुंब कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे हे नेमकं ठाऊक असतं. जे मुकादमाच्या वहीत आहे, ते सरकारी नोंदीत का नसावं? आणि गावात म्हातारे आईवडील असतील तिथे लेकरांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं ऐन दिवाळीत सुरू व्हावीत. निम्मा हंगाम उलटल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग?

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणं आहे. राज्याचा क्रमांक छापाल तेव्हा त्याच चौकटीत सगळ्यांत मागच्या जिल्ह्याचा आकडाही छापा. आणि होळीनंतर माणसं परतली की आपला वार्ताहर वजनं घेण्याच्या दिवशी आमच्याकडे पाठवा. धडगावपर्यंत एसटी येते. पुढचा रस्ता मी दाखवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)