जुन्या स्पाचे गोडवे

फॉर्म्युला वनची चर्चा निघाली की बेल्जियमच्या स्पा सर्किटबद्दल एक सूर हमखास लागतो : जुने स्पा खरे, आताचे मिळमिळीत. जुने म्हणजे 1920 च्या सुमारास फ्रँकोरशां, माल्मेदी आणि स्टाव्हलो या गावांमधल्या रहदारीच्या रस्त्यांवर आखलेला त्रिकोण. फेरी 14-15 किलोमीटरची, कडेला घरे, झाडे, खांब. 1966 मध्ये पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि चालक जॅकी स्टुअर्ट यांची गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. पेट्रोलने भिजलेले स्टुअर्ट आत अडकलेले. त्यांना सोडवले कोणी? ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या स्पर्धकांनीच, तेही स्टिअरिंग काढायला एका प्रेक्षकाकडून पाना मागून! पुढे स्टुअर्ट गाडीत पाना चिकटवूनच शर्यतीला उतरू लागले.

1970 नंतर फॉर्म्युला वनने या रस्त्यांकडे पाठ फिरवली. 1979 मध्ये फेरी सुमारे 7 किलोमीटरवर आणली, 1983 ला शर्यत परतली. ओ रूज या वळणानंतरचा तो छातीवरचा चढ मात्र राहिला. तिथेच 2019 मध्ये फॉर्म्युला टू या खालच्या श्रेणीतला चालक आँत्वान युबेर दगावला. मग कडेची मोकळी जागा वाढवली, खडी टाकली. यात मिळमिळीत ते काय?

– एक वाचक, पुणे