शिशाची वाफ, शिशाची मळी आणि जुन्या बॅटऱ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला ठासणीच्या बंदुकांवरचा लेख आवडीने वाचला. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कमधला राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा जमावाने खाली ओढला, त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी गेले आणि तिथल्या बायकापोरांनी त्यातून ४२,०८८ गोळ्या तयार केल्या, हा प्रसंग लेखकाने छान रंगवला आहे. तक्रार आहे ती लेखासोबतच्या ‘घरी गोळ्या कशा ओतता येतात’ या चौकटीबद्दल. भंगारातले कुठलेही शिसे चालते, अगदी जुन्या बॅटरीतलेसुद्धा, असे तीत म्हटले आहे. शिवाय वितळलेल्या शिशाची वाफ घातक असते म्हणून तोंडाला रुमाल बांधावा, असा सल्ला आहे. मी बरीच वर्षे निशाणबाजीसाठी स्वतःच्या गोळ्या स्वतः ओततो, म्हणून ही दोन्ही विधाने तशीच सोडून द्यावीत असे वाटले नाही.

आधी शिशाबद्दल. ठासणीच्या रायफलीला मऊ, शक्यतो शुद्ध शिसेच लागते, आणि याचे कारण बंदुकीच्या रचनेतच आहे. गोळी तोंडाकडून गजाने ठासायची म्हणजे ती नळीहून किंचित बारीक हवी. पण सुटताना मात्र तिने नळीतल्या पेचदार खाचा घट्ट धरायला हव्यात, नाहीतर तिला फिरकी मिळत नाही. गोल गोळीच्या बाबतीत हे काम भोवतीची तेलकट चिंधी करते. अर्ध्या इंचाच्या नळीला साधारण ०.४९० इंचाची गोळी घेतात, उरलेली फट चिंधी भरून काढते. लांबट गोळीत ही मेख फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए यांनी १८४९ च्या सुमारास सोडवली. गोळीच्या बुडाशी पोकळी ठेवली, की दारूच्या दाबाने बुडाची पातळ कड फाकते आणि खाचांत रुतते. मिनिएंनी त्या पोकळीत लोखंडी वाटी बसवली होती. पुढे अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत जेम्स बर्टन यांनी ती वाटी लागतच नाही हे दाखवून दिले. पण ही कड फाकायची तर धातू मऊ हवा. मोटारीच्या चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांत अँटिमनी ही शिसे कडक करणारी धातू मिसळलेली असते. त्या मिश्रणाची मिनिए गोळी फाकत नाही आणि चाळीस पावलांवरही वाटेल तिकडे जाते. नखाने ओरखडा सहज उठला तर शिसे बहुधा कामाचे, ही जुनी परीक्षा आजही पुरते. चाकांची हल्लीची बरीच वजने तर जस्ताची असतात. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ ला. आच आवरती ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि उचलून टाकता येतात. आच वाढली की ते मिसळतात आणि सगळी कढई वाया जाते.

एवढ्याने गोळी बिघडेल, माणूस नाही. बॅटरीचे तसे नाही, आणि चौकटीतले हेच वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. बॅटरीच्या पट्ट्यांत आम्ल भिनलेले असते हे उघडच आहे. त्याहून वाईट म्हणजे नव्या बॅटऱ्यांच्या शिशात कॅल्शियम असते, जुन्यांच्या शिशात अँटिमनी आणि आर्सेनिक. हे सारे एका कढईत वितळले, की वर येणाऱ्या मळीत या धातूंची संयुगे तयार होतात. त्या मळीला नंतर नुसती ओल लागली, तरी आर्सिन आणि स्टिबिन हे वायू सुटू शकतात. आर्सिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही जीव घेऊ शकतो. म्हणजे काम आटोपले, मळी कोपऱ्यात ठेवली, दोन दिवसांनी पाऊस आला, अशा वेळीही धोका टळलेला नसतो. बॅटरीच्या शिशाला घरी हात लावू नये. याला अपवाद नाही.

आता वाफेबद्दल. शुद्ध शिसे ओतायला साधारण ४०० अंश पुरतात आणि ५०० च्या खाली शिशाची वाफ नगण्य असते. शिसे उकळते १,७४९ अंशांना. हवा खेळती हवीच, कारण मळी सोडवायला टाकलेल्या मेणाचा धूर होतो आणि चुलीचाही होतो. आच किती आहे याकडे लक्ष न देणाऱ्यांचा तर प्रश्न वेगळाच. तरी सगळा भर वाफेवर देणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे. शिसे शरीरात जाते ते बहुतेक हातावाटे. कढईवरची करडी मळी म्हणजे मुख्यतः शिशाची बारीक भुकटी. ती काढताना उडते, बोटांना लागते, बाहीवर बसते. त्या बोटांनी कपाळ पुसले, चहाचा कप उचलला, सिगारेट धरली, की झाले काम. तोंडाचा रुमाल तर दर पाच मिनिटांनी त्याच हातांनी वर-खाली केला जातो! तो न बांधलेलाच बरा.

भांडी वेगळी, जागा वेगळी, कपडे वेगळे धुवायचे, काम संपल्यावर साबणाने हात घासायचे, जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. मळी झाकणाच्या डब्यात भरून ठेवायची. स्वयंपाकघरात हे काम करायचेच नाही, मग खिडकी कितीही मोठी असो. आणि मुलांना लांब ठेवायचे. शरीरात शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात आणि त्याचा घाला मेंदूच्या वाढीवर पडतो. मोठ्यांच्या शरीरात ते हाडांत साठते, गरोदरपणी तिथून सुटून रक्तात येते आणि गर्भापर्यंत पोहोचते. लिचफिल्डच्या मुलांबद्दल वाचताना माझ्या मनात हेच येत होते. नियमाने ओतणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्यावे. साधी तपासणी आहे, पण आमच्यातले बहुतेक जण ती टाळतात.

पाण्याचा उल्लेख चौकटीत नाहीच. तापलेल्या शिशावर वरून थेंब पडला तर तो बहुतेक वेळा थरथरत वरच उडून जातो, त्यामुळे नवख्याला वाटते की एवढे काही नाही. थेंब शिशाच्या खाली सापडला तर गोष्ट वेगळी. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट होते, आणि वरचे शिसे कढईबाहेर फेकले जाते. वितळलेल्या शिशात टाकलेला दमट तुकडा, ओलसर पळी, गार साचा यांतून हे घडते. म्हणून भर घालायची लगड आधी कढईच्या कडेवर तापवून घ्यायची. चष्मा, जाड हातमोजे आणि बंद बूट घालायचे. घामाचा थेंबही कढईवर पडू द्यायचा नाही.

साचा तापवण्याबद्दल चौकटीत लिहिलेले मात्र बरोबर आहे. गार साच्यातली गोळी सुरकुतते, फार तापलेल्या साच्यातली खरखरीत, पांढुरकी निघते. एक भर घालतो. शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्के आकसते, त्यामुळे साच्याच्या तोंडाशी वर थोडे जास्तीचे शिसे राहू दिले नाही, तर गोळीच्या पोटात पोकळी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, तराजूला कळते. ०.४९० इंचाची शुद्ध शिशाची गोळी साधारण ११.४ ग्रॅम भरायला हवी. जी बरीच हलकी भरेल ती परत कढईत.

ठासणीची बंदूक बाळगण्याचे आणि गोळ्या ओतण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्यात मी शिरत नाही. माझी मागणी एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत बॅटरीबद्दलची दुरुस्ती छापावी. वाफेचे नंतर पाहता येईल, पण ती चौकट कापून ठेवणारे वाचक असतात.

आपला,
एक नियमित वाचक